कांचनाची माळ

जालना शहराच्या कडेला, बंद पडलेल्या दगडखाणीच्या मागं एक टेकडी आहे. ती आता वनउद्यान म्हणून राखलेली आहे. दर रविवारी सकाळी तिथं झाडं ओळखायची फेरी निघे आणि फेरीच्या पुढं जगन्नाथराव असत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, पायात कॅनव्हासचे बूट. लहानपणी राजूरच्या गणपतीपुढं मांडी घालून ऐकलेली कीर्तनं त्यांच्या हाडीमाशी मुरलेली होती, म्हणून झाडांची फेरीसुद्धा त्यांनी कीर्तनासारखीच बांधली होती. आधी पूर्वरंग. त्यात खोड, साल, पान, फूल आणि शेवटी नाव. मग चढावर मध्यावरच्या दगडी ओट्यापाशी थांबायचं, कपाळाला बुक्का लावायचा आणि त्या दिवशीच्या रानफुलांची माळ पुढं चालणाऱ्याच्या, म्हणजे त्यांच्याच, गळ्यात घालायची. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे झाडांच्या कथा. प्रत्येक झाडापाशी ते स्वतः रचलेली ओळ म्हणत, "पानात नाव, फुलात नाव, ओळख रे मना, ओळख", आणि मागच्यांनी झील धरायची, म्हणजे तीच ओळ मागून म्हणायची.

कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो तिला नारदाची गादी म्हणतात. जगन्नाथराव फेरीतल्या आपल्या जागेला गादीच म्हणत. शरयूताई, त्यांच्या पत्नी, गेल्यापासून आठवड्यातला तेवढा एकच दिवस त्यांना उगवल्यासारखा वाटे. बाकीचे सहा दिवस ते नुसते काढत. देवानं त्यांच्यासाठी तेवढी एक जागा शिल्लक ठेवली होती, आणि ती जागा ते कुणाला शिवू देत नसत.

गादीला त्यांनी नियमही लावला होता. झाडाचं नाव चुकलं की त्या माणसाला मौन. चुकलेल्या झाडाचं पान नाहीतर फूल अंगावर टोचून घ्यायचं, रांगेच्या शेवटी चालायचं आणि खाली फाटकाबाहेर पाय पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला ही गंमत होती. पुढं पुढं गंमत त्यांच्यापुरतीच उरली. चुकलेल्या माणसाला ते असे काही बोलत की मौन दिलं नसतं तरी त्याला शब्द सुचला नसता.

द्वारकाबाईंचं तेच झालं. हसनाबादच्या शेतकरी घरातली ही बाई नवरा गेल्यावर शहरात कल्याणकडं, आपल्या मुलाकडं, राहायला आली. चार भिंतींत जीव रमेना म्हणून मुलानंच तिला एका रविवारी टेकडीवर आणून सोडलं. फाटकाच्या आतच एक झाड आहे, आपट्यासारख्या जोडपानांचं. ते पाहून बाईचा चेहरा उजळला. आल्या आल्या झाडाला हात जोडून तिनं सांगितलं, हा आपटा, आमच्या दारात होता, मालकांनी स्वतः लावलेला, दसऱ्याला अख्खी गल्ली आमच्याच झाडाचं सोनं न्यायची.

जगन्नाथरावांनी तिला बोलू दिलं. पुरतं बोलू दिलं. मग एक पान तोडून सगळ्यांना दाखवलं. आपट्याचं पान लहान असतं, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड, खरबरीत. हे लांबट, पातळ, गुळगुळीत. हा कांचन. बाजारात आपटा म्हणून विकतात तो हाच. इथवर बोलून ते थांबले असते तर ते शिकवणं झालं असतं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या मालकांनी जन्मभर गावाला पितळ वाटलं, आणि गावानं सोनं म्हणून कपाळाला लावलं."

सगळे हसले. कुणी मोठ्यानं, कुणी तोंड वळवून. द्वारकाबाईंनी ते पान पदराच्या पिनेत अडकवून घेतलं आणि सबंध टेकडी रांगेच्या शेवटी, खाली मान घालून चढल्या-उतरल्या. पुन्हा येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं. त्या दर रविवारी आल्या. न सांगताच शेवटी चालत, आणि मौन नसलं तरी बोलत नसत.

आणि मग जगन्नाथरावांचे डोळे जायला लागले.

आधी अक्षरं वाकडी दिसू लागली, मग नजरेच्या मधोमध कुणीतरी ओला बोळा फिरवावा तसं पुसट झालं. कडेचं दिसे, मधलं दिसेना. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसत, तोंड दिसत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग सुकलाय, आहे तेवढं सांभाळा. जगन्नाथरावांनी ते कुणालाही सांगितलं नाही. त्यांना टेकडी पाठ होती. कुठल्या वळणाला अंजन, कुठल्या कातळापाशी पळस, कुठं पायाखाली मुरूम संपून माती लागते, सगळं मुखोद्गत. प्रत्येक झाडापाशी गेल्यावर ते खोडावर दोन्ही हात ठेवून नमस्कार करू लागले. लोकांना वाटलं, काकांची भक्ती वाढली. तळहातांना साल सांगे आणि तोंड नाव सांगे.

वळवाच्या वादळात टेकडीवरचा शिरीष पडला. दुसऱ्याच दिवशी माणसं येऊन तोडून, ओढून घेऊन गेली. त्या झाडावर जगन्नाथरावांचा फार जीव. उन्हाळ्यात त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं वाजत, त्यांना ते चिपळ्या म्हणत. पुढच्या रविवारी ते नेहमीच्या वळणाला थांबले. खोड गेलं होतं तिथं काटेरी झुडपं तोडून टाकलेली होती, म्हणून नमस्काराला हात पोचला नाही. त्यांनी लांबूनच उपरणं सावरलं, मान वर केली आणि शिरीषाची सावली कशी विरळ, पान रात्री कसं मिटतं, शेंग कशी सोन्याच्या पत्र्यासारखी, सगळं वर्णन केलं.

"आज चिपळ्या मौनात आहेत," ते हसून म्हणाले. "काहीतरी चुकल्या असतील."

कुणी हसलं नाही. वाऱ्यानं बायकांच्या ओढण्या फडफडत होत्या आणि समोर नुसतं आभाळ होतं. गंधालीनं झील धरली, मग बाकीच्यांनीही धरली.

गंधाली म्हणजे फेरीतली त्यांची सगळ्यात हुशार शिष्या. बँकेत नोकरी, नवरा मुकुल वकील. ती संध्याकाळी एकटीच त्यांच्या घरी गेली. डोळ्यांचं नाव काढलं, औरंगाबादला चांगले डॉक्टर आहेत म्हणाली, मी पुढं चालते, तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून बोला, असंही म्हणाली. मनापासून म्हणाली. जगन्नाथरावांना मात्र त्यातलं 'मी पुढं चालते' एवढंच ऐकू आलं.

"सब्जा आणि तुळस यांत चुकणारी मुलगी मला दिसतं का विचारते," ते म्हणाले. "गादी पाहिजे असेल तर सरळ मागावी. डोळ्याच्या वाटेनं येऊ नये."

तेवढ्यावर भागलं नाही. श्रावणात गंधालीच्या सासूबाई नि बँकेतली मंडळी फेरीला आलेली असताना तिनं एका झुडपाचं नाव चुकवलं, आणि काकांनी सगळ्यांदेखत तिचं बारसं केलं. गंधहीन. वास ओळखू येत नाही म्हणून गंधहीन. सासूबाईंना तो शब्द आवडला. घरी गेल्यावरही त्या तो वापरू लागल्या.

माणसाच्या पोटातली दया कधी आंबते ते माणसालाही कळत नाही. गंधालीची त्या श्रावणात आंबली.

दसऱ्याची फेरी खास असे. रविवार असो नसो, सकाळी लवकर जमायचं आणि आपटा, शमी बघून मग घरी जायचं. त्या दिवशी पन्नासेक माणसं आली होती, कितीतरी नवी. गंधालीनं काकांना सांगितलं की पावसानं जुनी वाट धुतली आहे, वरच्या अंगानं नवी काढली आहे, आज तिकडून जाऊ. वाट खरंच नवी होती. जगन्नाथरावांच्या पायांना तिथलं काहीच पाठ नव्हतं. पण पन्नास माणसांपुढं नको कसं म्हणायचं? ते पुढं निघाले. कडेचं गवत, त्यातला तरवडाचा पिवळा रंग, डाव्या हाताला कुर्डूचे तुरे. एवढं दिसत होतं, तेवढ्यावर त्यांनी रंग भरला.

एका जागी गंधाली थांबली. वाटेच्या पलीकडं पाणी अडवायचा खोल चर होता, गढूळ पाण्यानं भरलेला, आणि चराच्या पलीकडं झाड. हात पोचण्यासारखं नव्हतं.

"काका," ती लडिवाळपणे म्हणाली, "हे एवढं फुललंय ते काय आहे?"

जगन्नाथरावांनी मान जरा तिरकी केली. तिरकं पाहिलं की थोडं दिसे. हिरव्यावर गुलाबी ठिपके, भरगच्च. त्यांनी वास घेतला, चिखलाचा आला. दसऱ्याच्या सुमाराला गुलाबी फुलणारं टेकडीवर दुसरं काय असणार? तरी खात्री वाटेना. पण गादीवर उभा राहिलेला माणूस अडखळत नाही.

"कांचन," ते म्हणाले, आणि नाव उच्चारल्यावर त्यांना धीर आला. मग तासाभराचं आख्यान करावं तसे ते खुलले. पाच पाकळ्या, त्यातली एक जास्त रंगलेली, तिच्यावरच्या रेघा म्हणजे भुंग्याला दाखवलेली वाट. पान दुभंगलेलं, जीव आणि शिव एका देठावर. लोक याला आपटा म्हणून ओरबाडतात, बिचारा काही बोलत नाही. आज याचं रूप पाहा, असं ते म्हणाले, एवढा फुललेला कांचन मी जन्मात पाहिला नाही. हात उंचावून त्यांनी ओळ म्हटली.

झील उठली. पण ती फाटकी होती. कुणी ओढणी चावत होतं, कुणी खोकल्याचं सोंग करत होतं. मुकुल मोबाइल धरून त्यांच्या तोंडासमोर उभा होता, आणि तोंडासमोरचं त्यांना दिसत नव्हतं.

ते झाड कडुनिंबाचं होतं. कडुनिंब, जो शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. त्याच्या फांद्याफांद्यांना आदल्या संध्याकाळी गंधाली आणि मुकुलनं शिडी लावून प्लॅस्टिकची गुलाबी फुलं बांधली होती.

ओट्यापाशी सगळे थांबले. जगन्नाथराव ओट्यावर चढून बसले. आज रंग आला होता, त्यांना जाणवत होतं. कितीतरी दिवसांत लोकांनी असं दबून, एकचित्त होऊन ऐकलं नव्हतं. गंधालीनं त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. मग म्हणाली, आजची माळ तुमच्या कांचनाची आहे, काका. आणि ती त्यांच्या गळ्यात घातली.

माळ गळ्यात पडली की दोन्ही हातांनी ती छातीशी धरायची, त्यांची सवयच होती. त्यांनी धरली. फुलं गार नव्हती. पाकळीवर बोट फिरवलं तर कड करकरीत लागली, मधे जोडाची शिवण. देठाच्या जागी तार. बोटं पुढच्या फुलावर गेली. तीच शिवण, तीच तार. त्याच्या पुढच्यावरही तेच.

टेकडीवर खालच्या रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज तेवढा येत होता. सगळ्यांना बघायचं होतं, आता म्हातारा काय करतो. ही खोटी फुलं असं म्हणाला तर झाडावरचीही खोटी होती, ती त्याला दिसली नाहीत. गप्प राहिला तर हातातलीही कळली नाहीत. गंधालीनं दोन्ही दारं बंद करून ठेवली होती, आणि ती हात जोडून, शिष्येसारखी उभी होती.

जगन्नाथरावांनी माळेतलं एक फूल ओढून काढलं. तार कडक होती, वेळ लागला. ते फूल त्यांनी सदऱ्याच्या बटणाच्या काजात अडकवलं. माळ गळ्यातून काढली, अंदाजानं गंधालीच्या आवाजाच्या दिशेनं हात लांब केले. तिला पुढं येऊन ती घ्यावी लागली. मग ते ओट्यावरून उतरले आणि एकेका माणसाच्या कडेकडेनं, कुणाच्या दंडाला, कुणाच्या पिशवीला हात लावत, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. तोंडातून शब्द काढला नाही. नियम त्यांचाच होता.

कुणीतरी म्हणालं, अहो काका, गंमत केली. म्हणणारा लगेच गप्प झाला, कारण गंधाली ओट्यावर चढली होती. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं. तिनं ते गिळलं. ती म्हणाली, चला, उत्तररंग. आणि तिनं तीच ओळ धरली, काकांची, काकांच्याच चालीत. आवाज तिचा गोड होता. या वेळी झील फाटली नाही. सबंध रांग वळली आणि नव्या वाटेनं वर निघाली, जरा भराभरच.

चार पावलांत जगन्नाथराव मागं पडले. पायाखाली पाहावं तर तीच जागा पुसलेली. मौनात हाक मारता येत नाही. ते तिथंच उभे राहिले, एक पाय पुढं टाकून, तो टेकवावा की नाही या विचारात.

त्यांच्या कोपराला एका खरबरीत हातानं धरलं.

"वर जाऊन काय करता? चला, खाली नेते," द्वारकाबाई म्हणाल्या. "बोलू नका मातर. मौन हाय तुमाला."

दोघं उतरू लागली. बाई दगड आला की सांगत, पायरी आली की थांबत. वर्षभर गप्प राहिलेली बाई आता बोलतच राहिली. कल्याणच्या घरी हवा येत न्हाई, म्हणाल्या. सून बरी हाय, पण जल्दी चिडते. मग त्यांनी जगन्नाथरावांचा हात एका खोडावर नेऊन ठेवला. ही बाभूळ, म्हणाल्या. तळहाताखाली अंजनाची साल होती. जगन्नाथरावांचे ओठ हलले आणि मिटले. पुढच्याला त्या सागवान म्हणाल्या. तो पळस होता. त्याच्या पुढं करंज होता, त्याला आंबा म्हणाल्या. एकेक चुकीचं नाव त्यांच्या कानात खड्यासारखं पडत होतं आणि त्यांना ते काढून टाकता येत नव्हतं. बाई मुद्दाम करतात की खरंच चुकतात, तेही विचारता येत नव्हतं.

फाटक जवळ आलं.

"फुलं मह्या घरची हायेत," त्या म्हणाल्या. "महालक्ष्म्यांच्या मखराला लावतो ती. गंधालीताई मागायला आल्त्या. कशाला पाह्यजे, ते बराबर सांगितलं त्यांनी. म्या डबा काढून देला."

जगन्नाथरावांचं कोपर त्यांच्या हातात ताठ झालं. बाईंनी सोडलं नाही.

"मह्या मालकाला तुमी पितळवाला म्हन्ले. ते माणूस मेलेलं व्हतं, त्याला उत्तर देता येत न्हाई. मला मौन व्हतं. मंग कोन बोलनार व्हतं सांगा."

फाटकाच्या आतलं ते झाड आलं. बाईंनी एका हातानं त्यांना धरून ठेवून दुसऱ्या हातानं पान तोडलं, त्यांच्या मुठीत कोंबलं. दसऱ्याला म्हणतात ते म्हटलं, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. मग त्यांना फाटकाबाहेर नेलं, डांबरी रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि कोपर सोडलं.

"सुटलं मौन. आता सांगा, कशाचं पान हाय?"

जगन्नाथरावांनी अंगठा पानावरून फिरवला. लांबट, पातळ, गुळगुळीत. अंगठ्याला शंका नव्हती. आयुष्यात त्यांनी माणसांना हवं ते सांगितलं असेल, वरिष्ठांना खोटं हसून दाखवलं असेल, पण झाडाचं नाव कधी कुणाच्या भिडेनं बदललं नव्हतं. त्यांनी बाईंच्या दिशेनं मान तिरकी केली. पदराची कड दिसली, कानातली कुडी दिसली. मधे चेहरा असायला हवा होता.

"आपटा," ते म्हणाले. "आपटा आहे, बाई. तुमच्या दारातला होता तसाच."

शेजारून एक ट्रॅक्टर गेला, झेंडूच्या माळा लावलेला. तो लांब गेल्यावर त्यांनी जगन्नाथरावांच्या मुठीतलं पान काढून घेतलं.

"कांचन हाय," त्या म्हणाल्या. "तुमीच शिकवलं. वर्स झालं, दर रविवारी हात लावून पाहून राह्यले मी, बिलकुल कांचन. अंजनाला बाभूळ म्हन्ले तव्हा तुमचा हात कसा ताठला ते बी पाह्यलं म्या. तव्हा खरं बोलून मारलं तुमी मला. आज खोटं बोलून पुसून राह्यले. तसं पुसत न्हाई ते, दादा."

त्यांनी पान त्यांच्या सदऱ्याच्या काजात, त्या प्लॅस्टिकच्या फुलाशेजारी खोचलं.

"नाव चुकलं तुमचं. पुढल्या रविवारी बी मौन."

टेकडीवरून ओळ ऐकू आली, गंधालीच्या आवाजात, आणि तिच्यामागं झील. वाऱ्यानं निम्मी इकडं आली, निम्मी तिकडंच राहिली. जगन्नाथरावांनी सवयीनं ओठ उघडले. मग मिटले. घर रस्त्याच्या पलीकडच्या गल्लीत होतं. दसऱ्याची गर्दी, दोन्ही बाजूंनी गाड्या. त्यांनी एक पाय डांबरावर टाकला आणि हॉर्न वाजताच मागं घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला.

चार पावलं चालून गेलेल्या द्वारकाबाई परत आल्या. त्यांनी त्यांचं कोपर धरलं, मघासारखंच, खरबरीत.

"चला," त्या म्हणाल्या. "आता बोलू नका."